गावातल्या धाब्यावरून चंद्रग्रहण: फोन कुठे कामाला येतो आणि कुठे नाही

७ सप्टेंबर २०२५ ची रात्र. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, घरात सगळे दमलेले, आणि मी धाब्यावर खाट टाकून आभाळाकडे बघत बसलेलो. भुसावळहून तापी ओलांडली की यावल रस्त्याला आमचं गाव लागतं. घराच्या अर्ध्या भागावर अजून जुनं मातीचं धाबं आहे, अर्ध्यावर स्लॅब. उत्तरेला सातपुडा, चहूकडे केळीच्या बागा, दक्षिणेला भुसावळच्या रेल्वे यार्डातल्या दिव्यांचा पिवळट उजेड. हातात फोन, चार्ज ६१ टक्के. आणि डोक्यावर ढग.

त्या रात्री सगळ्या भारतातून दिसणारं खग्रास चंद्रग्रहण होतं. याआधी असं पूर्ण ग्रहण देशभरातून दिसण्याची संधी २७ जुलै २०१८ च्या रात्री आली होती. तेव्हा मी नववीत होतो. भर पावसाळा, रात्रभर जागलो आणि फक्त ढग बघितले. त्यामुळे या वेळी ठरवलं होतं, फोन आहे, नेट आहे, आता चुकायचं नाही.

अजून एक कारण होतं. खाली घरात वहिनी होत्या, सातवा महिना चालू. वेध लागल्यापासून आजीने त्यांना आतल्या खोलीत बसवलं होतं. सुरीला हात लावायचा नाही, बाहेर यायचं नाही, चंद्राकडे तर बिलकुल बघायचं नाही. वहिनी काही बोलल्या नाहीत. फक्त मी वर जाताना हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मला दाखवाल ना? फोनात तरी?"

मी म्हटलं, "दाखवतो की." किती अवघड असणार आहे? बरंच अवघड होतं, हे नंतर कळलं. त्या रात्री मी काय काय चुकलो आणि त्यातून काय समजलं, ते इथे सांगतोय. पुढचं ग्रहण येईल तेव्हा तुमच्या कामी येईल.

आधी थोडक्यात: ग्रहणात नक्की होतं काय?

पौर्णिमेला सूर्य एका बाजूला, चंद्र दुसऱ्या बाजूला आणि पृथ्वी मध्ये असते. मग दर पौर्णिमेला ग्रहण का नाही? कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला साधारण ५ अंशांनी तिरकी आहे. बहुतेक वेळा चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. या दोन कक्षा एकमेकींना जिथे छेदतात त्या दोन बिंदूंजवळ पौर्णिमा आली, तरच चंद्र सावलीत शिरतो. पंचांगाच्या गणितात राहू आणि केतू म्हणतात ते हेच दोन बिंदू. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीय' मध्येच सांगून ठेवलंय की चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची सावली.

ही सावली दोन थरांची असते. बाहेरची फिकट उपच्छाया, आतली गडद प्रच्छाया. नुसत्या उपच्छायेतून चंद्र गेला तर ते छायाकल्प ग्रहण, डोळ्यांना फरक जाणवणंसुद्धा कठीण. चंद्राचा काही भाग गडद सावलीत गेला तर खंडग्रास, आणि पूर्ण चंद्र गेला तर खग्रास.

खग्रासमध्ये चंद्र गायब होत नाही, तांबूस होतो. सूर्याचा थोडा प्रकाश पृथ्वीच्या वातावरणातून वाकून सावलीत पोचतो. वाटेत निळा प्रकाश हवेत विखुरला जातो आणि तांबडा उरतो. मावळतीचं आभाळ लाल दिसतं तेही याच कारणाने.

आणि हो, चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी बघायला काहीच धोका नाही. तो पौर्णिमेचाच प्रकाश असतो, उलट नेहमीपेक्षा मंद. पोटातल्या बाळाला अपाय होईल असं त्यात काही नसतं. (सूर्यग्रहणाची गोष्ट वेगळी. तिकडे योग्य फिल्टरशिवाय कधीही बघायचं नाही, फोनच्या कॅमेऱ्यातूनही नाही.)

वेळ: "भुसावळ टाइम" शोधायची गरजच नव्हती

माझी पहिली गडबड वेळेत झाली. मी फोनात "चंद्रग्रहण भुसावळ टाइम" असं शोधलं. जळगावसाठी एक पान, धुळ्यासाठी दुसरं, भुसावळसाठी तिसरं. तिन्ही उघडून ताडून पाहिली, तर वेळा सारख्याच! मी म्हटलं, कोणीतरी कॉपी-पेस्ट केलंय.

तसं नव्हतं. सूर्यग्रहणात चंद्राची छोटी सावली पृथ्वीवरून धावत जाते, म्हणून गावागणिक वेळ बदलते. चंद्रग्रहणात सावली चंद्रावर पडते, आणि चंद्र तर सगळ्यांना एकच. त्यामुळे ग्रहण सुरू होण्याची, संपण्याची वेळ साऱ्या जगाला एकाच क्षणी लागू असते. प्रश्न एवढाच की त्या क्षणी तुमच्याकडे चंद्र उगवलेला आहे का.

७ सप्टेंबरच्या वेळा अशा होत्या:

- रात्री ९:५७ – गडद सावली चंद्राला टेकली, खंडग्रास सुरू
- ११:०१ – पूर्ण चंद्र सावलीत, खग्रास सुरू
- ११:४२ – ग्रहणाचा मध्य
- १२:२३ – खग्रास संपलं
- १:२७ – खंडग्रासही संपलं

म्हणजे खग्रास ८२ मिनिटं. बघायला भरपूर वेळ.

परदेशी साइटवर बघत असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे बऱ्याचदा वेळ यूटीसीमध्ये दिलेली असते, त्यात साडेपाच तास मिळवायचे. माझ्या एका मित्राने १८:११ वाचून सहा वाजून अकरा मिनिटांचा गजर लावला आणि संध्याकाळी मला फोन करून विचारलं, "कुठंय रे ग्रहण?" १८:११ अधिक ५:३० म्हणजे रात्रीचे ११:४१. आपल्याकडे अधिकृत वेळा भारतीय हवामान विभागाचं कोलकात्याचं पोझिशनल ॲस्ट्रॉनॉमी सेंटर देतं. राष्ट्रीय पंचांगही तेच काढतात.

चंद्र आभाळात कुठे असेल हे बघायला स्टेलेरियमसारखं ॲप पुरतं. गाव निवडायचं, तारीख-वेळ टाकायची. मला त्यात दिसलं की मध्यरात्री चंद्र दक्षिणेला, जमिनीपासून साधारण ६० अंश वर असेल. म्हणजे भुसावळच्या दिव्यांचा उजेड आड येणार नव्हता, शेजारचा निंबही नाही. आड येणार होते ते फक्त ढग.

ढग: पावसाची टक्केवारी नका बघू, उपग्रहाचं चित्र बघा

फोनातलं हवामान ॲप "पावसाची शक्यता ४०%" सांगत होतं. पण ती टक्केवारी पावसाची, ढगांची नाही. पाऊस न पडताही आभाळ गच्च भरलेलं असू शकतं. ॲपमध्ये "क्लाउड कव्हर" असा वेगळा आकडा मिळाला तर तो बघा. पण तोही अंदाजच. मॉडेल जमिनीचे काही किलोमीटरचे चौकोन करून गणित करतं. आपल्याला हवी असते ढगांमधली फट, आणि ती त्या चौकोनापेक्षा लहान असू शकते.

अशा वेळी इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं जास्त उपयोगी. हवामान विभागाच्या साइटवर आणि इस्रोच्या मोसडॅक साइटवर ती फुकट बघता येतात. पण रात्री एक गोष्ट सांभाळायची. साधं दृश्य प्रकाशातलं चित्र रात्री काळंकुट्ट येतं, म्हणून इन्फ्रारेड चित्र घ्यायचं. इन्फ्रारेड म्हणजे उष्णतेचं चित्र. उंच ढगांचे माथे थंड असतात, ते पांढरेशुभ्र दिसतात. जमीन उबदार, ती काळसर दिसते.

माझी इथेच फसगत झाली. चित्रात आमच्या भागावर फारसं पांढरं काही नव्हतं, आणि डोक्यावर बघतो तर ढग! कारण खालच्या थरातल्या ढगांचं तापमान जमिनीपेक्षा फार कमी नसतं. इन्फ्रारेडमध्ये ते फिक्या राखाडी रंगात जमिनीत मिसळून जातात. चित्रात पांढरं दिसलं तर ढग नक्की, पण काळसर दिसलं तर आभाळ मोकळं असेलच असं नाही.

मग उपाय काय? एकाच चित्रावर न थांबता मागच्या दीड-दोन तासांची चित्रं ओळीने बघायची. ढग कुठून कुठे सरकतायत ते कळतं. आमच्याकडे ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जात होते. त्यामुळे मी फोन खाली ठेवला आणि पश्चिमेला तारे दिसतायत का ते बघत राहिलो. तिकडे तारे दिसले की फट आपल्याकडे येतेय. हे काम डोळे जास्त चांगलं करतात.

फॅमिली ग्रुपवर झालेली फजिती

दहा वाजून पंधरा मिनिटं. अजून ढगच. तेवढ्यात एका ग्रुपवर फोटो आला, भलामोठा लालबुंद चंद्र, खाली लिहिलेलं "आत्ताचं दृश्य". मी काही विचार न करता तो फॅमिली ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "बघा, सुरू झालं!"

दोन मिनिटांत भाचीचा मेसेज. ती सातवीत आहे, भुसावळात राहते, आणि तिच्या गच्चीवरून तेव्हा ढग बाजूला झालेले. "मामा, इथे तर चंद्र पांढराच आहे. फक्त डावीकडून थोडा काळा झालाय."

बरोबरच होतं तिचं. खग्रास ११:०१ ला सुरू होणार, तर १०:१५ ला पूर्ण लाल चंद्र आला कुठून? माझ्या हातात वेळा होत्या, तरी मी तपासलं नाही. तिने फक्त मान वर केली.

म्हणून ग्रहणाच्या फोटोसाठी ही साधी घड्याळाची परीक्षा लक्षात ठेवा. ग्रहणाची वेळ जगभर एकाच क्षणी लागू असते, म्हणजे "आत्ताचा" फोटो त्या मिनिटाला जे दिसायला हवं तेच दाखवणार. ११:०१ च्या आधी पूर्ण लाल चंद्र दिसला तर तो जुना फोटो, नाहीतर बनवलेला.

दुसरी खूण कडेची. चंद्र सावलीतून पूर्वेकडे सरकतो. आपण दक्षिणेकडे तोंड करून बघतो तेव्हा पूर्व डावीकडे येते. म्हणून सावली डाव्या कडेने चढली, आणि शेवटी तीच डावी कड आधी बाहेर आली. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धातून हेच चित्र उलटं दिसतं, त्यामुळे फक्त कडेवरून फोटो खोटा ठरवू नका. पण "भुसावळहून काढला" म्हणून फोटो येतो आणि सावली उजवीकडून चढताना दिसते, तर विचारा जरा.

मी फोटो डिलीट केला आणि "सॉरी, जुना होता" असं लिहिलं. तोवर तो दोन मावश्यांनी पुढे पाठवलेला होता.

लाइव्ह: खरं लाइव्ह कसं ओळखायचं

११ वाजून गेले तरी आमच्याकडे फट येईना. वहिनींना दिलेला शब्द आठवत होता. खाली गेलो आणि यूट्यूबवर "चंद्रग्रहण लाइव्ह" शोधलं. डझनभर चॅनेल. काहींवर मागे भयानक संगीत, काहींवर तोच दहा सेकंदांचा व्हिडिओ फिरत होता. चंद्र लाल, पण त्यावरची सावली अर्धा तास तिळभर हलत नव्हती.

खरं लाइव्ह शोधायला संस्थेच्या नावाने शोधा. त्या रात्री बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सने आपल्या दुर्बिणींमधून थेट प्रक्षेपण केलं होतं. त्यांच्या दुर्बिणी बंगळुरू, तमिळनाडू आणि लडाख अशा लांब लांबच्या ठिकाणी आहेत. याचा फायदा असा की एकीकडे ढग आले तरी दुसरीकडे आभाळ मोकळं असू शकतं. लाइव्ह बघतानाही घड्याळाची परीक्षा लावा. प्रक्षेपण काही सेकंद मागे असतं, तेवढं चालतं. तासभर मागे नसतं.

गावात नेटवर्क रडत असेल तर व्हिडिओची क्वालिटी सरळ १४४पी किंवा २४०पी करा. काळ्या पडद्यावर एक गोल एवढंच बघायचंय, त्याला यापेक्षा जास्त लागत नाही. गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघण्यापेक्षा हे बरं.

वहिनी, आई आणि मी, तिघं आतल्या खोलीत त्या छोट्या पडद्यावर तांबूस चंद्र बघत बसलो. पाच मिनिटांनी दारात आजी.

"काय पाहून राहिले रे तुम्ही?"

"ग्रहण, आजी. बंगळुरूचं."

आजी थोडा वेळ उभी राहिली. मग चष्मा लावून आमच्या मागे येऊन बसली. "फोनातलं गिऱ्हाण लागत नाही का मग?"

मी म्हटलं, "फोनातलंही नाही आणि बाहेरचंही नाही." त्यावर आजी काही बोलली नाही. तिच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली वेळ आणि माझ्या फोनातली वेळ जुळत होती, एवढं मात्र तिने ताडून बघितलं. मी तिच्याशी वाद घातला नाही. एकच गोष्ट मागितली आणि तिने ती मानली: वहिनींनी पाणी प्यायचं. सातव्या महिन्यात तासन् तास पाण्याविना बसणं हाच खरा त्रास.

वहिनी पडद्याकडे बघत म्हणाल्या, "छान आहे. पण हे आपल्या इथलं नाही ना."

फोटो: तुमच्या फोनात चंद्र किती मोठा असतो?

मी परत वर. आता फोटो काढायचाच. त्याआधी थोडं गणित, म्हणजे फोनकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

आभाळात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. हात लांब करून करंगळी धरली तर चंद्र तिच्यामागे सहज लपतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आडवं साधारण ७० अंशांचं दृश्य मावतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० पिक्सेल रुंद. ४००० ला ७० ने भागलं की एका अंशाला ५७ पिक्सेल. चंद्र अर्धा अंश, म्हणजे जेमतेम ३० पिक्सेल!

तीस पिक्सेलमध्ये डाग काय आणि डोंगर काय दिसणार? बोटांनी झूम केलं की तेच तीस पिक्सेल ताणले जातात, नवीन काही येत नाही. टेलिफोटो लेन्स असलेल्या फोनमध्ये फरक पडतो, कारण तिथे काचेनेच प्रतिमा मोठी होते.

मग काही फोनमध्ये चंद्र इतका झकास कसा येतो? त्यात एआयचा हात असतो. २०२३ मध्ये यावर बरीच चर्चा झाली तेव्हा सॅमसंगने स्वतः समजावून सांगितलं होतं की "सीन ऑप्टिमायझर" चालू असताना फोन चंद्र ओळखतो आणि त्याचे तपशील एआयने वाढवतो, आणि ते बंद करता येतं. नेहमीच्या चंद्राला तुम्हाला ते चालत असेल तर हरकत नाही. पण ग्रहणात आपल्याला त्या रात्रीचा चंद्र हवाय. म्हणून असे "एआय", "सीन" वगैरे पर्याय बंद करून बघा.

दुसरी अडचण उजेडाची. ऑटोमध्ये फोन पूर्ण फ्रेमचा उजेड मोजतो. फ्रेम जवळपास सगळी काळी, म्हणून तो एक्स्पोजर वाढवतो आणि पांढऱ्या चंद्राचा होतो ट्यूबलाइट. उलट खग्रासमध्ये चंद्र पौर्णिमेच्या मानाने दहा हजार पटींहूनही मंद होऊ शकतो, तेव्हा ऑटो चाचपडतं. म्हणून प्रो मोड उघडा. साधारण इथून सुरुवात करा:

- चंद्र पूर्ण पांढरा किंवा थोडाच ग्रासलेला: आयएसओ ५० किंवा १००, शटर १/१००० ते १/२०००
- खग्रास, तांबूस चंद्र: आयएसओ ८०० ते १६००, शटर १/२ ते १ सेकंद
- दोन्हीकडे: फोकस हाताने अनंतावर (डोंगराचं चिन्ह), फ्लॅश बंद, टायमर ३ सेकंद

अर्ध्या सेकंदाचा फोटो हातात धरून येत नाही. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांच्या मध्ये फोन टेकवा, किंवा धान्याच्या अर्ध्या भरलेल्या पोत्यावर ठेवा. पोतं सगळ्यात भारी, हव्या त्या कोनात बसतं. टायमर यासाठी की बटण दाबताना फोन हलतो, ते हलणं तीन सेकंदांत थांबतं.

चंद्र मोठा हवा असेल तर स्वस्तातला उपाय म्हणजे साधी दुर्बीण. माझ्याकडे मित्राची ८ बाय ४० ची होती. म्हणजे आठ पट मोठं. ३० पिक्सेलचे २४० झाले! दुर्बीण पोत्यावर टेकवायची, जिथे डोळा लावतो तिथे फोनची लेन्स टेकवायची. दोन्ही हलू नयेत म्हणून मी रबर बँड लावले. मात्र चंद्र आभाळात दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे मधून मधून नेम परत धरावा लागतो.

बारा वाजून दहा मिनिटं

पश्चिमेला तारे दिसायला लागले होते. बारा दहाला फट डोक्यावर आली.

खरं सांगतो, पहिला मिनिटभर मी फोनला हातच लावला नाही. तांब्याच्या जुन्या गडूसारखा चंद्र. वरची बाजू जास्त काळसर, खालची जरा उजळ, कारण चंद्र सावलीच्या मध्याच्या थोडा दक्षिणेकडून जात होता. आणि चंद्राच्या आजूबाजूला तारे! पौर्णिमेच्या रात्री एरवी चंद्रप्रकाशात मोजकेच तारे दिसतात. खग्रासमध्ये कोणी दिवा मालवावा तसं होतं आणि ते परत उगवतात. चंद्राच्या डावीकडे थोडा लांब शनी होता. गावातून ग्रहण बघण्याचा खरा फायदा हाच. तांबूस चंद्र शहरातूनही दिसतो, त्याच्याभोवतीचे तारे मात्र अंधार असेल तिथेच.

मग आठवलं, वहिनी. खाली व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चंद्राकडे धरला.

"दिसतंय का?"

"काही नाही भाऊजी. सगळं काळं आहे."

डोळ्यांना एवढं स्पष्ट दिसतंय आणि फोनला का नाही? कारण व्हिडिओत सेकंदाला साधारण ३० चित्रं असतात, म्हणजे एका चित्राला प्रकाश गोळा करायला जास्तीत जास्त १/३० सेकंद. फोटोत मी अर्धा सेकंद देत होतो, पंधरा पट जास्त. त्यात व्हिडिओ कॉल चित्र दाबून पाठवतो, मंद ठिपका त्यात आधी पुसला जातो. मंद चंद्रासाठी व्हिडिओच्या नादी लागू नका, फोटो काढा आणि तो पाठवा.

कॉल बंद केला. आधी दुर्बिणीतून चार फोटो काढले, त्यातला एक बरा आला. मग दुर्बीण बाजूला ठेवून एक साधा, रुंद फोटो घेतला. त्यात निंबाचा शेंडा, स्लॅबवरची पाण्याची टाकी आणि वर एक छोटासा लाल ठिपका. तीस पिक्सेल. १२:२३ ला डावी कड हिऱ्यासारखी चमकली, आणि थोड्या वेळात ढग परत आले.

खाली जाऊन वहिनींना दोन्ही फोटो दाखवले. दुर्बिणीतला त्यांनी बघितला आणि पुढे सरकवला. रुंद फोटोवर थांबल्या. दोन बोटांनी मोठा करून म्हणाल्या, "ही आपली टाकी. आणि हा निंब. म्हणजे हा आपलाच चंद्र." तो फोटो त्यांनी स्वतःच्या फोनवर मागून घेतला. आजीनेही बघितला. म्हणाली, "एवढासाच?" पण हसली.

रात्रभर ग्रुपवर आलेले मोठमोठे लाल चंद्र कोणाच्या लक्षात राहिले नाहीत. वहिनींच्या फोनचा वॉलपेपर अजूनही तो तीस पिक्सेलचा आहे.

पुढचं ग्रहण कधी?

३ मार्च २०२६, होळीची पौर्णिमा. हेही खग्रास आहे, पण खग्रासचा भाग संध्याकाळी ५:३३ च्या सुमारास संपतो आणि तेव्हा आपल्याकडे चंद्र उगवलेलाच नसतो. खंडग्रास ६:४८ ला संपेल. भुसावळला चंद्र साडेसहाच्या सुमारास उगवेल, म्हणजे हातात जेमतेम पाव तास. नागपूरला आपल्यापेक्षा जास्त वेळ मिळेल, मुंबईला जवळपास काहीच नाही. ग्रहणाची वेळ सगळ्यांना एकच, फरक फक्त चंद्रोदयाचा. चंद्र क्षितिजाला टेकलेला असेल, त्यामुळे पूर्वेला झाडं-घरं आड नसलेली जागा आधीच शोधून ठेवा. फोनातल्या कंपासने पूर्व दिशा आदल्या दिवशी बघून घ्या.

२०२७ मध्ये डोळ्यांना ठळक जाणवेल असं चंद्रग्रहण नाही. ६ जुलै २०२८ च्या रात्री खंडग्रास आहे, मात्र पुन्हा पावसाळा. आणि खरी मेजवानी ३१ डिसेंबर २०२८ ला. थर्टी फर्स्टच्या रात्री खग्रास, मध्य साधारण १०:२० च्या सुमारास. हिवाळ्याचं स्वच्छ आभाळ, शेकोटी, आणि वर लाल चंद्र. यापेक्षा चांगली पार्टी कोणती?

तोवर एवढं लक्षात ठेवा. वेळ फोनवर बघा, ढगांची चाल फोनवर बघा, फॉरवर्ड आला तर आधी घड्याळ बघा. आणि फट आली की पहिला मिनिटभर फोन खिशात ठेवून नुसती मान वर करा. फोटो नंतरही निघतो.

आमच्याकडे त्या थर्टी फर्स्टला धाब्यावर एक जण वाढलेलं असेल. तीन वर्षांचं. त्याला फोनातून नाही, थेट दाखवायचं असं वहिनींनी आत्ताच ठरवून टाकलंय. आजीला अजून सांगितलेलं नाही.